देठाला धरू नका, काका

परदेशी पार्सल सोडवायच्या खिडकीवर माझं खोकं थेट कटरने फाडलं. मी कळवळून ओरडलो आणि रांगेतल्या एका काकांचं लक्ष माझ्याकडे गेलं.

आत जपानी कलावंत यायोई कुसामांचा भोपळा होता. पिवळा, काळ्या ठिपक्यांचा, रंगवलेल्या रेझिनचा, उंची साधारण १० सेंटिमीटर, रुंदी ८. जपानच्या नाओशिमा बेटावर धक्क्याच्या टोकाला १९९४ पासून त्यांचा मोठा भोपळा आहे, त्याचं हे बाळरूप. ऑगस्ट २०२१ च्या वादळात मोठा समुद्रात गेला, ऑक्टोबर २०२२ मध्ये नवा आणून बसवला. धाकट्याच्या नशिबी काका आले.

"काय आहे हो हे?"

"शिल्प."

"कुठल्या देवाचं?"

"देवाचं नाही. भोपळ्याचं."

काकांनी तो देठाला धरून उचलला. (देठाला कधीही धरू नये, तळाखाली तळवा द्यावा.) नखाने टकटक करून पाहिलं. "दिवा लागतो आत?"

"नाही."

"पैसे टाकायला भोक?"

"नाही."

"मग करतो काय?"

"काही नाही. बसतो."

काकांनी मला नखशिखान्त न्याहाळलं. "कितीला पडला?" मी निम्मी किंमत सांगितली; घरीही तीच सांगतो. काकांनी खिशातून मोबाईल काढला, वजन विचारलं आणि किलोचा भाव काढून अख्ख्या रांगेला ऐकवला. मागून कुणीतरी "अरे देवा" म्हणालं. मग काका मायेने म्हणाले, "गौरीच्या आराशीत ठेवा. उठून दिसेल."

खिडकीतल्या बाईंनी कागद वाचला: प्लास्टिकची शोभेची वस्तू, नग १. विकणाऱ्यानेच तसं लिहून पाठवलेलं. मी म्हटलं, "मॅडम, ही कलाकृती आहे."

"नंबर कुठाय हिच्यावर?"

आता नंबर असणारच नाही! ही ओपन एडिशन आहे, किती नग काढायचे याला मर्यादाच नाही. तळाला कुसामांचं आणि बेनेसी होल्डिंग्ज या जपानी कंपनीचं नाव छापलेलं असतं, बस्स. म्हणून कुणी '२५/१००' (म्हणजे शंभरातला पंचविसावा) असं झोकदार प्रमाणपत्र लावून हा भोपळा विकत असेल, तर प्रमाणपत्र खोटं आणि बहुधा भोपळाही. तळाचा आणि खोक्याच्या सहाही बाजूंचा फोटो मागवावा. ठिपके नीट बघावेत: फाकीच्या मधोमध मोठे, कडेच्या खाचेकडे बारीक होत गेलेले. नकलेत कडा पसरतात, बारीक ठिपके एकमेकांत मिसळतात.

खरी चीड याची आहे की बाईंशी भांडायला नियमही माझ्या बाजूने नव्हता. आयात शुल्काच्या यादीत मूळ शिल्पांना ९७०३ हे कलम आहे, पण त्या प्रकरणाची टीप सांगते की मोठ्या संख्येने काढलेल्या व्यापारी प्रती त्यात धरायच्या नाहीत, मग घडवणारा कलावंत का असेना. शिल्पकार ब्रांकुशीचं नशीब बरं. १९२६ मध्ये त्याचा ब्राँझचा पक्षी अमेरिकेच्या कस्टम्सने स्वयंपाकाची भांडी आणि दवाखान्याचं सामान यांच्या यादीत टाकून ४० टक्के शुल्क लावलं होतं. १९२८ मध्ये कोर्टाने त्याला कला ठरवलं. कुसामांनी स्वतः १९६६ मध्ये व्हेनिसच्या बिएनाले या कलाप्रदर्शनात आरशासारखे चकचकीत गोळे १२०० लिरांना एक असे विकायला काढले, तर आयोजकांनी विक्री बंद पाडली. तिथे बाजार नको म्हणून हटकलं, इथे बाजारू आहे म्हणून हटकतात. आणि लिलाववाले? ते याच भोपळ्याला मान वाकवून 'मल्टिपल' (अनेक प्रतींत काढलेली कलाकृती) म्हणतात आणि वर आपलं कमिशन लावतात.

तेवढ्यात बाईंनी शुल्काचं लेबल काढलं आणि चिकटवलं ते थेट छापील खोक्यावर! बाहेरचा तपकिरी पुठ्ठा रिकामा पडला होता, तो दिसला नाही. खोकं गेलं की किंमत उतरते, हे त्या लेबलाला कोण सांगणार? ओढून काढलं तर कागदाची साल निघते. हेअर ड्रायरची मंद हवा द्यायची, कोपरा सुटला की दोऱ्याने हळूहळू कापत जायचं. उरलेल्या डिंकाला स्पिरिट लावायचं नाही, छपाई उतरते. भोपळ्याला तर स्पिरिट काय, नेलपॉलिश रिमूव्हरचा वासही नको. मऊ ब्रश फिरवायचा, आणि उन्हाच्या खिडकीत ठेवायचा नाही.

पावती मात्र जपून ठेवलीय. उद्या विकायची वेळ आली तर मूळ कागद म्हणून हीच जोडायची: शोभेचा भोपळा, प्लास्टिक, नग १.