माणगावचा यशवंत

मुंबई-गोवा महामार्गावर माणगावच्या कोंडीत कधी अडकलाच नाही, असा कोकणातला माणूस शोधूनही सापडायचा नाही. तिथेच तहसील कार्यालयाजवळ एक पुतळा आहे. तो कुणाचा, हे कित्येक वर्षं मलाही माहीत नव्हतं.

यशवंत घाडगे. फौजेत नाईक या हुद्द्यावर. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचा. मराठा लाइट इन्फन्ट्री. दुसऱ्या महायुद्धात, १० जुलै १९४४ ला इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मारला गेला. वय २२.

मशीनगनच्या माऱ्यात त्याच्या तुकडीतले सगळे मेले किंवा जखमी झाले. हा एकटा उरला. धावत जाऊन त्याने ग्रेनेड फेकला, गन बंद पाडली, आपल्या टॉमीगनने आणखी एकाला टिपलं. मग मॅगझिन संपलं. बदलायला वेळ नव्हता. त्याने तीच बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना बडवून मारलं. लगेच दडून बसलेल्या नेमबाजांनी त्याला टिपलं. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, ब्रिटिशांचं शौर्यासाठीचं सर्वोच्च पदक.

हे वाचून छाती फुगवणाऱ्या पोस्टी मी पाहिल्यात. माझी नाही फुगत. बंदुकीच्या दस्त्याने माणूस मारावा लागणं ही टाळ्या वाजवायची गोष्ट नव्हे. समोरचेही कुणाचे तरी मुलगेच असणार.

पण दुसऱ्या टोकाचे लोक मला जास्त खटकतात. ‘इंग्रजांसाठी लढला, आपल्याला काय त्याचं?’ अहो, ३ सप्टेंबर १९३९ ला व्हाइसरॉय लिनलिथगोने हिंदुस्थान युद्धात उतरल्याचं परस्पर जाहीर केलं. गांधी-नेहरूंनाही विचारलं नाही, मग पळसगावच्या सतरा वर्षांच्या पोराला कोण विचारणार होतं? युद्ध कुणाचं, याचा जाब व्हाइसरॉयला विचारा की! पंचवीस लाखांच्या आसपास हिंदी माणसं ब्रिटिशांच्या त्या फौजेत होती. कुणी पगारासाठी गेलं, कुणी घरची रीत म्हणून. या सगळ्यांना ‘भाडोत्री’ म्हणून मोकळं होणं फार सोपं आहे, विशेषतः पगार वेळेवर जमा होत असला की. इटलीतच आपले ५,७८२ जवान मारले गेले. शाळेत यातलं एक अक्षर मला कुणी शिकवलं नाही.

यशवंतची कबर कुठे आहे, ते कुणालाच ठाऊक नाही. इटलीतल्या कॅसिनो गावच्या युद्धस्मारकावर, ज्यांच्या कबरी सापडल्या नाहीत अशा चार हजारांवर सैनिकांमध्ये त्याचं नाव कोरलंय. २०२३ मध्ये इटलीतल्या मोंतोने गावाने त्याच्या नावाने एक सूर्यघड्याळ उभारलं. ज्यांच्या मुलखात तो मेला, त्यांना आठवण झाली. तिथे आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचं लॅटिन वचन आहे.

१० जुलैला आपल्याकडे भाताच्या लावण्या चालू असतात. इटलीत त्या दिवसांत कडक ऊन. मी नकाशात पळसगाव आणि मोंतोने दोन्ही शोधून ठेवलीत. पुढच्या वेळी माणगावला गाडी अडकली, की खाली उतरून पुतळ्यापर्यंत चालत जाणार आहे. कोंडी सुटायला तेवढा वेळ लागतोच.