आबाजींच्या ओसरीवरचं 'न सांगता कळणं'

आमच्या भागातल्या व्हॉट्सॲप गटांत सध्या एक संदेश फिरतोय. त्यात म्हटलंय, की खरा जाणता न सांगता मनातलं ओळखतो, पैसे मागत नाही, त्याच्याकडे गेल्यानं गुण येतो आणि भविष्य सांगणं कायद्यानंही गुन्हा नाही. मग ही अंधश्रद्धा कशी?

माझे आबाजी पाहायचे. दर गुरुवारी ओसरीवर लोक गाऱ्हाणं घेऊन येत आणि आबाजी तांदळाचे दाणे टाकून सांगत. दाण्यांचं सूप पुढं सरकवायचं काम माझं. म्हणून 'न सांगता' या शब्दापासूनच सुरुवात करतो.

न सांगता तिथं कुणी येतच नसे. पोर कडेवर घेऊन बाई आली, की अर्धं गाऱ्हाणं कडेवरच दिसे. मृग कोरडा गेल्यावर कास्तकार आला, की दुबार पेरणीची चिंता त्याच्या तोंडावर असे. आबाजी दाण्यांकडे पाहत म्हणत, "वावराची कटकट दिसते." धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, भांडण नाही अशी घरं गावात किती? समोरचा चमकला, की "उगवतीकडचा धुरा." नाही म्हणाला, की "मंग घरातलीच हाये." चुकलेलं तिथंच विरून जाई आणि लागलेलं चार गावांत पोचे. आबाजी लबाड नव्हते. दाणे बोलतात असं त्यांना मनापासून वाटे. माणूस वाचायची त्यांची समज मोठी होती, पण तिचं श्रेय ते दाण्यांना देत.

1948 मध्ये अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ बर्ट्राम फोरर यांनी 39 विद्यार्थ्यांना त्यांच्या स्वभावाचं वर्णन म्हणून एकेक कागद दिला. विद्यार्थ्यांनी त्याच्या अचूकपणाला 5 पैकी सरासरी 4.26 गुण दिले. कागद सगळ्यांना एकच होता, मजकूर ज्योतिषाच्या बाजारू पुस्तकातून उचललेला. आबाजींचं "पैसा येते, पण टिकत नाही" हे वाक्य तसंच होतं. कापूस विकून सोसायटीचं कर्ज भरणाऱ्या कुणाला ते लागू पडणार नाही?

गुण येतो, हेही खरं. साधी कावीळ बहुतेकदा काही आठवड्यांत आपोआप उतरते. माळ घातली तरी आणि नाही घातली तरी. आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी असतात, त्यामुळे मांत्रिकाकडे नेलेला माणूस पुष्कळदा वाचतो. नाग किंवा घोणस असेल तर मात्र प्रतिविषाच्या इंजेक्शनला झालेला उशीर जिवावर बेततो.

कायद्याचं म्हणणं अर्धवट उचललंय. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं जोतिष्याचा, नंदीबैलवाल्याचा आणि जमिनीतलं पाणी सांगणाऱ्याचा सल्ला गुन्ह्यातून वगळला आहे. वगळलं म्हणजे खरं ठरवलं असं होत नाही. त्याच कायद्यानं साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला उपचारापासून अडवून मंत्रतंत्र करणं गुन्हा ठरवलंय. संदेशात ते का नाही?

राहिला पैशांचा मुद्दा. आबाजी फक्त नारळ घेत. पण किंमत देणारं माणूस त्या ओसरीवर नसे. एकदा एका बाईचं पोर सारखं आजारी पडे. आबाजी बोलले, "तोंडावर गोड बोलणारी हाये, मावळतीकडची." नाव घेतलं नाही. पण बाईच्या मनात शेजारची विधवा काकू उभी राहिली. पुढं कित्येक वर्षं तिच्या घरचं ताक कुणी घेतलं नाही. लेकरं तिच्या अंगणातून धावत जात. हाच संशय आणखी पुढं गेला की काय होतं, ते चंद्रपूर जिल्ह्यातल्या वणी (खुर्द) गावानं ऑगस्ट 2021 मध्ये दाखवलं. भानामतीच्या संशयावरून तिथं सात जणांना बांधून मारलं.

काकू आता खूप थकल्यात. दिवाळीत मी त्यांच्याकडे चहाला गेलो होतो. कप हातात देताना त्यांनी विचारलं, "तुह्या आबाजीनं माह्यं नाव घेतलं होतं का रे?"

"नाही, काकू," मी म्हणालो. "नाव नव्हतं घेतलं."