अस्तराचा प्रश्न

न्यू जर्सीत घरामागे पोहण्याचा तलाव असणे ही निव्वळ चैन आहे, याविषयी आमच्या घरात दुमत नव्हते. मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी मेमोरियल डे येतो, त्या सुमारास तलावावरचे आच्छादन काढायचे आणि सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी लेबर डे उरकला की आवराआवरीला लागायचे. म्हणजे वर्षातले जेमतेम साडेतीन महिने पोहायचे आणि उरलेला काळ स्वयंपाकघराच्या खिडकीतून झाकलेल्या खड्ड्याकडे पाहत चहा प्यायचा. तरीही तलावाचा ठराव बहुमताने मंजूर झाला, कारण मतदारांत दोन मुले होती. तलाव व्हिनाइलचा, म्हणजे प्लॅस्टिकचे अस्तर घातलेला हवा की फायबरग्लासचा, म्हणजे काचतंतू घातलेल्या प्लॅस्टिकचा, हा प्रश्न ठरावाच्या मसुद्यात कोणी घातलाच नव्हता. काँक्रीट हा तिसरा पर्यायही असतो, परंतु तो किंमत ऐकताच निकालात निघाला.

व्हिनाइलच्या तलावात तलाव म्हणून बोट ठेवावे असे फारसे काही नसते. खड्डा खणतात, कडेने पोलादाच्या किंवा पॉलिमरच्या भिंती उभ्या करतात, तळाला गुळगुळीत थर देतात आणि या सगळ्यावर मापाने बनवून आणलेले प्लॅस्टिकचे अस्तर पसरून त्याची कड भिंतीच्या माथ्यावरील खाचेत अडकवतात. अस्तर आणि भिंत यांच्यामधली हवा यंत्राने ओढून घेतली की ते अंगासरशी बसते. ते बहुधा 20 किंवा 28 मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जाडीचे असते, म्हणजे अर्ध्या ते पाऊण मिलिमीटरच्या दरम्यान. विक्रेत्याने निळ्या अस्तराचा तळहाताएवढा तुकडा टेबलावर ठेवून मला तो नखाने ओरबाडून पाहण्याचा आग्रह केला. मी ओरबाडले, एक पांढुरकी रेघ उमटली आणि आम्ही दोघे ती नाहीशी होण्याची वाट पाहत बसलो. तेवढ्यात त्याने विचारले, “घरात कुत्रा आहे का? त्याच्या नखांनी अस्तर फाटू शकते.” मी “नाही” म्हणालो आणि माझी मुलगी त्याच क्षणी “येणार आहे” म्हणाली. ही बातमी मला नवीन होती.

पुण्याहून आईने व्हिडिओ कॉलवर तो तुकडा पाहिला. “अरे, हे तर जेवणाच्या टेबलावर घालायचं मेणकापड,” ती म्हणाली. “याच्यात पाणी किती मावणार?” आमचा तलाव 16 फूट रुंद आणि 32 फूट लांब होणार होता, सरासरी खोली 5 फूट धरली तर सुमारे 72,000 लिटर. आईने क्षणभर मनात हिशेब केला. “दहा हजारांचे सात टँकर, वर दोन हजार लिटर. आणि ते प्यायचंही नाही?” ज्या बाईने आयुष्यभर सोसायटीच्या टँकरची शिट्टी ऐकून बादल्या लावल्या, तिच्यापुढे व्हिनाइल श्रेष्ठ की फायबरग्लास, हा वाद घालण्याचे धैर्य मला झाले नाही.

फायबरग्लासचा विक्रेता हा अधिक श्रीमंत दिसणारा गृहस्थ होता. त्याचा तलाव कारखान्यातच पूर्ण होतो आणि अखंड कवचाच्या रूपाने ट्रेलरवर आडवा-तिरपा बसून हमरस्त्याने घरी येतो. अमेरिकेत साडेआठ फुटांहून रुंद माल रस्त्याने न्यायचा तर वेगळा परवाना लागतो, आणि परवाना असला तरी साधारण 16 फुटांपलीकडे मजल जात नाही. त्यामुळे या तलावांची रुंदी पोहणाऱ्यांनी नव्हे, तर वाहतूक खात्याने ठरवलेली असते. व्हिनाइल हवा तो आकार घेते, इथे मात्र कॅटलॉगमध्ये असेल त्यातच सुख मानावे लागते. गुण मात्र वादातीत होते. पृष्ठभागावर जेलकोटचा गुळगुळीत थर असल्यामुळे शेवाळ सहजी धरत नाही, औषधे कमी लागतात, आणि दर 8 ते 12 वर्षांनी काही हजार डॉलर खर्चून अस्तर बदलण्याची भानगड नाही. उत्साहाच्या भरात तो म्हणाला, “आमच्या कवचाला आतून पाणी पाझरून फोड येऊ नयेत, म्हणून आम्ही व्हिनाइल एस्टर वापरतो.” मी दचकून वर पाहिले. हे रेझिन, म्हणजे काचतंतूंना बांधून ठेवणारी राळ, निराळे, अस्तराचे व्हिनाइल निराळे, असा खुलासा त्याने तत्परतेने केला. परंतु ज्याला टाळायला आलो तोच आतल्या खोलीत बसलेला निघावा, तशी माझी अवस्था झाली होती.

सासरे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी दोन्ही माहितीपत्रके चष्मा कपाळावर चढवून वाचली आणि एकच प्रश्न विचारला, “जावईबापू, भूजलपातळी किती आहे?” या प्रश्नाकडे आम्ही प्रथम वडीलधाऱ्यांचे बोलणे म्हणून पाहिले. प्रत्यक्षात संपूर्ण प्रकरणात विचारला गेलेला तो एकमेव शहाणा प्रश्न होता. फायबरग्लासचे कवच रिकामे केले आणि खालची जमीन पाण्याने तुडुंब असली, तर ते होडीच्या वृत्तीने वर उचलले जाऊ शकते. अस्तरही खालून पाणी आल्यास फुगून तरंगते. म्हणूनच हिवाळ्यात पाणी फक्त थोडे उतरवतात, तलाव कोरडा करीत नाहीत. सासऱ्यांनी कागदाच्या पाठीमागे बाणांसहित उत्थापक दाबाची आकृती काढून विक्रेत्यासाठी ठेवली. विक्रेत्याने ती घडी घालून खिशात टाकली आणि पुढे कधीही तिचा उल्लेख केला नाही.

मित्रमंडळींचा वेगळाच प्रश्न होता. गणपती बहुधा लेबर डेच्या आगेमागेच येतात, तेव्हा विसर्जनाची सोय घरच्या घरी झाली, असे त्यांनी परस्पर गृहीत धरले होते. फिल्टरमध्ये शाडूची माती गेल्यावर काय होते, हे सांगताच त्यांची भक्ती बादलीपुरती मर्यादित झाली.

मी दरम्यान वीस वर्षांच्या खर्चाचा तक्ता मांडला होता. अस्तर दोनदा बदलण्याचा खर्च धरला की दोन्ही तलाव जवळपास सारखेच पडत होते, म्हणजे ज्यासाठी तक्ता केला तेवढेच त्यातून कळत नव्हते. निर्णय झाला तो घराच्या बाजूच्या बोळात. आमचे घर आणि शेजाऱ्याचे कुंपण यांमध्ये 11 फूट जागा, आणि त्यातही एसीचे बाहेरचे यंत्र ठाण मांडून बसलेले. तेथून 16 फुटांचे कवच जाणे शक्य नव्हते. “क्रेन आहे ना,” विक्रेता म्हणाला. “छपरावरून अलगद पलीकडे उतरवू.” क्रेनचे भाडे वेगळे होते, पण त्यावर चर्चा होण्याआधीच माझ्या बायकोने विचारले, “नेमकं कुठल्या खोलीवरून जाईल?” त्याने बोट दाखवले. ते देवघर होते. दीड-दोन टनांचा हौद देवाच्या डोक्यावरून नेण्यास तिने नकार दिला आणि तांत्रिक छाननी तिथे समाप्त झाली.

व्हिनाइलवाल्याला बोलावून आम्ही 28 मिलचे अस्तर आणि पॉलिमरच्या भिंती ठरवल्या, कारण बायकोला पाण्यात मीठ घालून त्यापासून क्लोरीन बनवणारी यंत्रणा हवी होती आणि मिठाने पोलाद गंजते. मी सहीसाठी पेन उघडले. “फक्त पायऱ्यांचे राहिले,” तो कागद उलटत म्हणाला. “अस्तराखालच्या पायऱ्या घेता, की तयार फायबरग्लासच्या बसवू?”