'गॅरेजवाल्यांचं गुपित' आणि माझं काळं पडलेलं क्लच कव्हर

जुन्या दुचाक्या घरीच खोलून बसणाऱ्या आम्हा लोकांत एक मेसेज गेले कित्येक महिने फिरतोय. परवा तो माझ्या मेव्हण्याने मला पाठवला, वर 'दाजी, तुमच्या कामाचं' असं लिहून. मजकूर थोडक्यात असा: इंजिनचे तेलकट पार्ट घरीच नव्यासारखे करा. धुवायला पेट्रोलसारखं दुसरं काही नाही. मळ चिवट असेल तर उकळत्या पाण्यात कॉस्टिक सोडा घालून रात्रभर बुडवा, मग धातू कुठलाही असो. कार्ब्युरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग, कोलाच्या बाटलीत ठेवा. उरलेलं काळं पॉलिश पेपरने घासून काढा. तेलकट चिंध्या लगेच जाळा, नाहीतर आपोआप पेटतात. आणि शेवटी नेहमीची फोडणी: 'गॅरेजवाले हे तुम्हाला कधीच सांगणार नाहीत.'

यातलं एक मी स्वतः करून बसलोय, म्हणून गप्प बसवत नाही.

आधी पेट्रोल. पेट्रोलने ग्रीस निघतं का? निघतं, झटक्यात निघतं. रस्त्याकडेच्या गॅरेजात पोरं पेट्रोलच्या मगात हात बुडवून पार्ट धुताना आपण सगळ्यांनी पाहिलीत. पण ते गॅरेज तिन्ही बाजूंनी उघडं असतं. आमचं काम चालतं जिन्याखालच्या खोलीत, नाहीतर मागच्या पडवीत. पेट्रोल उणे ४० अंशांच्या आसपाससुद्धा पेट घेण्याइतकी वाफ सोडतं, म्हणजे आपल्याकडच्या कुठल्याही ऋतूत घमेल्यावर पेटाऊ वाफ तरंगत असतेच. ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड. ती वर उडून जात नाही, पाण्यासारखी जमिनीलगत पसरते. मागच्या दारी बंब पेटलेला असेल, नाहीतर उंबऱ्यापलीकडे देवघरात समई तेवत असेल, तर तुम्ही विडी ओढत नाही याला काही अर्थ उरत नाही. शिवाय आपल्या पेट्रोलमध्ये १ टक्क्यापर्यंत बेंझिन चालतं, आणि बेंझिनने रक्ताचा कर्करोग होतो यात आता वाद नाही. उघड्या हातांनी, बंद खोलीत, तासभर हे कशाला?

'रॉकेल कुठे मिळतं आता?' हा प्रश्न मात्र रास्त आहे. रेशनचं निळं रॉकेल बहुतेकांच्या घरातून गेलं. पण डिझेल आहे, रंगाच्या दुकानात मिनरल टर्पेंटाइन आहे. दोन्ही पेट्रोलपेक्षा सावकाश काम करतात, आणि मला तेच हवं असतं: पार्ट भिजत टाकावा, चहा घ्यावा, मग जुन्या रंगाच्या ब्रशने घासावा. डिझेलचा पातळ थर मागे राहतो तो गंजापासून वाचवतो. पेट्रोल धातू कोरडाठक करून जातं, आणि पावसाळ्यात अशा उघड्या लोखंडावर दुसऱ्या दिवशी तांबूस साय येते.

इथे मलाही स्वतःला एक टोचणी द्यायला हवी. रॉकेल-डिझेल म्हणजे बिनधास्त, असंही नाही. आपल्या मानकांत दोन्हींचा किमान ज्वलनांक, म्हणजे ज्या तापमानाला वाफ पेट घेण्याइतकी होते तो आकडा, ३५ अंश आहे. विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या शेडखाली पारा त्याच्या बराच वर जातो. तेव्हा उन्हाळ्यात हे काम सकाळी, सावलीत, दार-खिडकी उघडी ठेवून.

आता कॉस्टिक, म्हणजे माझ्या दुखऱ्या नसेवर बोट. मेसेजातलं 'धातू कुठलाही असो' एवढं वाक्य नसतं तर मी हा लेख लिहिलाच नसता. जुन्या चेतक स्कूटरचं इंजिन घ्या. बॅरल, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी, बिडाचं. गरम कॉस्टिकमध्ये बीड आणि पोलाद छान निघतं, यंत्रदुरुस्तीच्या कारखान्यांत त्यासाठी टाक्याच असतात. पण त्याच बॅरलमधला पिस्टन ॲल्युमिनियमचा. वरचं झाकण, म्हणजे हेड, ॲल्युमिनियमचं. क्लच कव्हर ॲल्युमिनियमचं. ॲल्युमिनियम एरवी टिकतं ते अंगावरच्या ऑक्साइडच्या पातळ कवचामुळे. कॉस्टिक आधी ते कवच खातं, मग आतला उघडा धातू, आणि त्यातून हायड्रोजन निघतो. हवेत ४ टक्के झाला तरी पेट घेणारा वायू.

मी कव्हर बादलीत टाकलं आणि फोन आला म्हणून आत गेलो. वीसेक मिनिटांनी आलो तेव्हा बादली सोड्याच्या बाटलीसारखी फसफसत होती आणि बाहेरून हात लावला तर चटका बसत होता. चिमट्याने कव्हर बाहेर काढलं. मळ गेला होता, खोटं कशाला बोलू. पण कव्हर तव्यासारखं काळं. ते काळं म्हणजे मिश्रधातूतले सिलिकॉन आणि तांबं, जे कॉस्टिकला पचत नाहीत आणि पृष्ठभागावर उरतात. ते ब्रशने घासून काढता आलं. ओ-रिंग, म्हणजे तेल अडवणारी रबरी कडी, बसायची खाच मात्र कुरतडली गेली होती, आणि नवी रिंग घालूनही गिअर ऑइल झिरपत राहिलं. शेवटी जुन्या बाजारातून दुसरं कव्हर आणलं. रात्रभर ठेवलं असतं तर काय हाती लागलं असतं, कुणास ठाऊक.

पार्ट कशाचा हे ओळखायला खिशात लोहचुंबक ठेवा. चिकटला तर लोखंड. नाही चिकटला तर कॉस्टिकच्या जवळही नेऊ नका. ॲल्युमिनियम, जस्त, दोन्ही त्यात विरघळतात. आणि लोखंडासाठी वापरणारच असाल तर गार पाण्यात कॉस्टिक थोडं थोडं सोडायचं, उकळत्या पाण्यात कधीही नाही. विरघळतानाच ते एवढी उष्णता सोडतं की उकळतं पाणी अंगावर उसळतं. डोळ्यांवर गॉगल हवाच. डोळ्यात गेलेलं कॉस्टिक दृष्टी घेऊन जातं.

कोलाचा मुद्दा गमतीचा आहे, कारण तो अर्धा खरा आहे. कोलात फॉस्फोरिक आम्ल असतं आणि ते हलका गंज खातं. गंजलेला नट टाकून बघा, उजळतो. पण कार्ब्युरेटरमध्ये गंज कुठे असतो? तिथे असतो उभ्या गाडीतल्या पेट्रोलचा वाळून झालेला डिंकासारखा पिवळट थर. आम्ल त्याला हातही लावत नाही. उलट बऱ्याच कार्ब्युरेटरांची बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची असते, ती आम्लात पांढुरकी पडून खवल्यासारखी होते. वर साखरेचा पाक बारीक वाटांमध्ये जाऊन बसतो तो वेगळाच. कार्ब्युरेटरचा स्प्रे आणि हवेचा झोत, एवढंच लागतं. जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या पितळी भोकात, ब्रेक केबलची तार घालायची सवय असेल तर तीही सोडा. डेलॉर्टो या इटालियन कंपनीच्या पद्धतीच्या कार्ब्युरेटरात जेटवरचा १०० हा आकडा म्हणजे १.०० मिलिमीटरचं भोक. पितळ मऊ, तार पोलादी. दोन-तीन वेळा खरवडलं की आकडा तोच राहतो, भोक वाढतं, आणि मग गाडी पेट्रोल का पिते याचं कोडं सोडवत बसायचं.

पॉलिश पेपर. हेडवरचा आणि पिस्टनच्या माथ्यावरचा कार्बन रॉकेलमध्ये विरघळत नाही, तो घासावाच लागतो, इथवर मेसेज बरोबर. पण पेपरचे कण मऊ ॲल्युमिनियमात रुततात आणि इंजिन चालू झाल्यावर पिस्टनवरच्या रिंग आणि बॅरल खरवडतात. हेडचा जोड पेपरने घासला की कडा गोल होतात आणि गास्केटमधून, म्हणजे जोडातल्या पातळ थरातून, फुंकर मारते. कार्बन डिझेलमध्ये रात्रभर मऊ करा आणि बांबूची पट्टी तासून तिने काढा. पिस्टनवरच्या रिंगच्या खाचेसाठी बाजारातून काही आणायची गरज नाही. जुनी रिंग मोडायची, तिचं टोक चौकोनी असतंच. खाचेत बरोब्बर बसतं आणि कार्बनचे लांब काळे कुरळे तुकडे निघत येतात. हे काम मला इतकं आवडतं की बायको म्हणते, एवढ्या मन लावून कधी नारळ खवला नाहीत.

राहिल्या चिंध्या. आपोआप पेटणाऱ्या चिंध्या असतात, पण त्या जवसाच्या तेलाच्या. लाकडाला पॉलिश करणाऱ्यांना हे माहीत असतं: ते तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेतं, बोळ्याच्या आत उष्णता साठत जाते आणि बोळा धुमसतो. इंजिन ऑइल तसं वाळत नाही. तेव्हा भीती चुकीची, आणि उपाय तर त्याहून वाईट. पेट्रोलचा बोळा परसात पेटवायला गेलेल्या माणसाच्या भुवया काय होतात ते सांगायला नको. चिंधी मोकळी पसरून वाळू द्यायची, मग झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात.

धुऊन उरलेल्या काळ्या पाण्याबद्दल आणि तेलाबद्दल मेसेजात एक अक्षर नाही. बहुतेक जण ते मोरीत ओततात. इंजिनातून काढलेलं तेल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतं. ते मी कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याला देतो, त्याच्याकडे जळकं तेल नेणारा माणूस येतो. धुतलेलं डिझेल मात्र फेकायचंच नाही. डब्यात झाकून चार दिवस न हलवता ठेवलं की गाळ तळाला बसतो, वरचं अलगद दुसऱ्या डब्यात ओतायचं आणि पुन्हा वापरायचं. माझं आत्ताचं पाच लिटर गेल्या दिवाळीपासून चाललंय. रंग काळ्या चहासारखा झालाय, पण ग्रीस अजून सोडवतंय.