येते म्हणून सांगता, मग येत का नाही?

चार रविवार झाले! आईचं पायाचं शिलाई मशीन ऑनलाइन विकायला काढलंय आणि चार रविवार आम्ही इंदूरच्या राजेंद्रनगरातल्या घरात दाराकडे डोळे लावून बसलोय.

लोक घरबसल्या जुन्या वस्तू घेतात, याला माझी ना नाही. आम्ही भावंडं खजुरी बाजारातल्या जुन्या पुस्तकांवरच शिकलो. पण तिथे गिऱ्हाईक समोर उभं असायचं. घासाघीस करायचं, पटलं नाही तर चालू लागायचं. इथे रात्री 11 वाजता 'अव्हेलेबल है क्या?' विचारतात, आपण हो म्हटलं की चिडीचूप. नाहीतर थेट 'लास्ट बताओ'. अहो, भाव लिहिलाय, फोटो टाकलेत, पट्टा नवा घातलाय हेही लिहिलंय. वाचा ना! 3,500 लिहिले तर म्हणे 800 ला देता का. याच मशीनवर गल्लीभरच्या बायकांचे ब्लाउज शिवून आईनं आमची फी भरली आहे.

दुसऱ्या रविवारी एकाचा फोन आला. म्हणे फौजी आहे, महूला पोस्टिंग आहे, पैसे आत्ताच पाठवतो. भाव केला नाही, मशीन बघायचंही नाही. वर्दीतला फोटो आला, ओळखपत्र आलं आणि मागोमाग क्यूआर कोड: स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील. महूची छावणी इथून हाकेवर, आईला खरंच वाटलं. ती पिन टाकणार तेवढ्यात मी फोन ओढून घेतला. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही, कोडही स्कॅन करावा लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हे आजच्या आज सांगा. आणि फसलातच तर लाजत बसू नका, लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. सैनिकाच्या वर्दीआडून म्हातारीचे पैसे लुबाडायचे! कसल्या काळजाची माणसं ही?

पण ठग तो ठगच. माझा खरा संताप आहे तो चांगल्या घरच्या लोकांवर. तिसऱ्या रविवारी एक जोडपं लोडिंग रिक्षा घेऊनच आलं. फोनवर 3,000 ठरले होते. मशीन ओट्यावर आणून ठेवल्यावर नवरा म्हणतो, '1,500 च आणलेत, बघा.' वाकून वाकून आमची कंबर मोडली, आता कोण परत आत नेणार, हे ओळखूनच केलेला डाव. मी मशीन परत आत नेलं.

आणि काल. विजयनगरची बाई, आपल्यातलीच, गोड आवाजात आईला म्हणाली, 'काकू, 11 ला नक्की येते, दुसऱ्या कुणाला देऊ नका.' म्हणून आम्ही दोघांना नाही म्हटलं. आईनं सकाळी उठून मशीनला तेल दिलं, हळदकुंकू लावलं, बॉबिन आणि कात्री एका डब्यात भरून ठेवली, त्या बाईला अशीच द्यायला. 12 वाजले, 1 वाजला. मी फोन लावला, तिनं कापला. परत लावला तर बंद.

येणार नव्हतीस तर एक ओळ टाकायला काय झालं होतं? दोन वाजेपर्यंत आई जेवली नाही. 'ती दारात यायची आणि आपण ताटावर, बरं दिसत नाही' म्हणत बसून राहिली.