दोन नर गिनीपिग आणि घाईचा सल्ला

गिनीपिग पाळणाऱ्यांच्या मोबाइलवर एक मेसेज बराच फिरतोय. सार असं: ‘दोन नर कधीच एकत्र राहत नाहीत. तीन महिन्यांचे झाले की एकमेकांच्या जिवावर उठतात. घरघर ऐकू आली की लगेच वेगळे करा, खसी करा, नाहीतर एक मादी आणून द्या.’

यातलं वय तेवढं बरोबर आहे. तिसऱ्या महिन्याच्या आसपास हार्मोन्स उसळतात आणि पुढे वर्ष-सव्वा वर्षापर्यंत मधूनमधून धुमाकूळ चालतो. पण हा काळ सरतो, हे मेसेजमध्ये कुठेच नाही.

‘कधीच नाही’ म्हणणं तर चूकच. जर्मनीतल्या म्युन्स्टर विद्यापीठात नॉर्बर्ट साक्सर आणि सहकाऱ्यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलंय. कळपात, मोठ्या नरांच्या धाकात वाढलेले नर अनोळखी नराशी बहुधा न भांडता जुळवून घेतात. ती संधी न मिळालेले अंगावर धावून जातात. म्हणजे नमतं घेणं ते याच वयात, थोरल्याकडून शिकतात. म्हणूनच एक प्रौढ आणि एक पोरगेला ही जोडी सहसा जमते. तिघे नर मात्र टाळावेत.

आता घरघर. माझ्याकडचा धाकटा चार महिन्यांचा असताना दिवसभर इंजिन सुरू असल्यासारखा आवाज काढत, मागचा भाग डोलवत थोरल्याभोवती फिरायचा, मध्येच त्याच्या अंगावर चढायचा, बूड जमिनीला घासून वास लावायचा. थोरला दोन मिनिटं सोसायचा, मग मान उंच करून एकदा दात कटकटवायचा. धाकटा खाली बसायचा. विषय संपला! ही भांडणं नव्हेत, मानपान ठरवणं आहे. प्रत्येक वेळी वेगळं केलंत की ते अर्धवट राहतं आणि परत एकत्र आणल्यावर पहिल्यापासून सुरू होतं.

खरी काळजी कधी करायची? केस फुलवून, समोरासमोर, न थांबता दात वाजत असतील, दोघं एकमेकांवर झेप घेत असतील, किंवा चेंडूसारखे गुरफटून लोळले आणि रक्त निघालं, तर वेगळे कराच. मध्ये हात घालू नका, जाडजूड टॉवेल टाका. एकजण खायला येईना, वजन उतरू लागलं, तरीही वेगळे करा. आणि आजवर गुण्यागोविंदाने राहणारा अचानक चावू लागला तर आधी डॉक्टरांना दाखवा; मूतखडा किंवा दातांचं दुखणंही असू शकतं.

बहुतेक वेळा दोष हार्मोन्सइतकाच पिंजऱ्याचा असतो. दोन नरांना साधारण 150 बाय 60 सेंटीमीटर सलग जमीन हवी, वरचा मजला त्यात धरू नका. पाण्याच्या बाटल्या दोन, वाट्या दोन, गवत दोन कोपऱ्यांत. लपायच्या घराला दोन दारं हवीत. एकच दार असलं की आतला कोंडीत सापडतो. आणि पिंजरा एका दिवसात लख्ख धुऊ नका. सगळा वास गेला की दोघं नव्याने हद्द आखायला घेतात. थोडं जुनं अंथरूण राहू द्या.

खसी केल्याने पिल्लं थांबतात, वर्चस्वाची खुमखुमी फारशी जात नाही. शिवाय भूल देण्याचा धोका आहेच. मादीसोबत ठेवायचा असेल तर ही शस्त्रक्रिया उपयोगी, तीही नंतर सहा आठवडे थांबून.

राहिली मादी आणायची सूचना. हा सल्ला देणाऱ्याने गिनीपिग जवळून पाहिलेत का, शंका येते. दोन नरांत एक मादी म्हणजे आगीत तेल. त्याच खोलीत तिचा नुसता वास आला तरी शांत जोडी बिथरू शकते. आणि नर खसी केलेला नसेल तर 59 ते 72 दिवसांत पिल्लं, शिवाय व्यायल्यावर काही तासांतच मादी पुन्हा गाभण राहू शकते.

वेगळं करावंच लागलं तरी एकाला दुसऱ्या खोलीत टाकू नका. मध्ये जाळी लावा, दोघं शेजारी राहू देत. माझे दोघे तसे नऊ दिवस राहिले. झोपायचे मात्र जाळीला पाठ लावून, एकाच ठिकाणी.