‘मे’ म्हणजे साहेबांची मर्जी नव्हे

सरकारी इंग्रजी ओळखण्याच्या चार खुणा सांगणारा एक संदेश बरेच दिवस फिरतो आहे: ‘शॅल’ म्हणजे सक्ती, ‘मे’ म्हणजे अधिकाऱ्याची मर्जी, ‘शुड’ म्हणजे नुसता सल्ला आणि ‘मस्ट’ म्हणजे ‘शॅल’हून मोठा हुकूम. आजवर मी तो वाचून सोडून देत होतो. पण कापला गेलेला कर प्राप्तिकर खात्याच्या आदेशात जमेस धरलेला नाही हे दिसत असूनही माझ्या मामांनी दुरुस्तीचा अर्ज केला नाही, आणि कारण विचारताच हाच संदेश पुढे केला. कलमात ‘मे’ आहे, मग अर्ज करून उपयोग काय, हा त्यांचा प्रश्न ऐकल्यावर गप्प बसणे मला शक्य झाले नाही.

‘मे’ या शब्दाने अधिकार दिला जातो, इतके खरे आहे. तो अधिकार वापरायचा की नाही हे साहेबांच्या लहरीवर सोडले आहे, हा भाग मात्र संदेश लिहिणाऱ्याने पदरचा जोडला आहे. एल. हिरदय नारायण विरुद्ध प्राप्तिकर अधिकारी, बरेली या 1970 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयापुढे 1922 च्या प्राप्तिकर कायद्यातील चूकदुरुस्तीचाच अधिकार होता. नागरिकाचा हक्क अमलात यावा म्हणून अधिकाऱ्याला सत्ता दिलेली असेल, तर कलमाचे शब्द वरवर केवळ मुभा देणारे असले तरी ती सत्ता वापरणे हे त्याचे कर्तव्य ठरते, असे न्यायालयाने स्पष्ट केले. मामांना लागू असलेल्या 1961 च्या कायद्याचे कलम 154 तर याहून सरळ आहे: पहिल्या पोटकलमात ‘मे’ आहे, परंतु करदात्याने चूक निदर्शनास आणून दिली तर ती दुरुस्त करण्याबाबत दुसऱ्या पोटकलमात ‘शॅल’ आहे. म्हणजे ज्या अर्जाने अधिकाऱ्यावर बंधन येते, नेमका तोच अर्ज हा संदेश लोकांना करू देत नाही.

‘शॅल’ बहुधा बंधनकारक असतो, हे मला मान्य करावे लागते. पण ‘बहुधा’ आणि ‘नेहमी’ यांत अंतर आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद 320 मध्ये लोकसेवा आयोगाचा सल्ला घेण्याबाबत ‘शॅल’ असूनही, तो घेतला नाही एवढ्यावरून सरकारी नोकरावरील शिस्तभंगाची कारवाई रद्द होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1957 मध्येच, मनबोधन लाल श्रीवास्तव प्रकरणात, ठरवले. साध्या दिवाणी दाव्यात प्रतिवादीच्या लेखी जबाबाची 90 दिवसांची मर्यादा ‘शॅल’ने घातलेली असली तरी, कैलाश विरुद्ध नन्हकू या 2005 च्या निकालानुसार, सबळ कारण असल्यास न्यायालय ती ओलांडू देऊ शकते, व्यापारी दाव्यात मात्र 120 दिवसांनंतर जबाब देण्याचा हक्कच जातो, कारण तो जाईल असे तिथे कलमातच लिहिलेले आहे. नुसता शब्द पाहून हा फरक कोणाला कळणार?

‘मस्ट’ हा ‘शॅल’हून मोठा हुकूम नाही, ‘शॅल’चे अर्थ फार झाले म्हणून अमेरिकी सरकारच्या सोप्या भाषेच्या मार्गदर्शिकेने त्याच्या जागी ‘मस्ट’ वापरायला सांगितले, इतकेच.

राहिला ‘शुड’. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये, म्हणजे रस्त्यावरील वाहतुकीच्या नियमपुस्तिकेत, ‘मस्ट’ असलेला नियम मोडणे हा गुन्हा आहे आणि ‘शुड’ असलेला मोडणे हा स्वतःहून गुन्हा नाही. परंतु 1988 च्या रोड ट्रॅफिक अॅक्टच्या कलम 38 नुसार तो न पाळल्याची गोष्ट न्यायालयात चालकाची जबाबदारी ठरवण्यासाठी वापरता येते. आपल्याकडील गोंधळात तर भाषांतराचाही वाटा आहे. ‘अर्जदाराने मुदतीत अर्ज सादर करावा’ ही मराठी कार्यालयीन भाषेत आज्ञाच असते, आणि त्या ‘करावा’चा कोणी शब्दशः ‘शुड’ केला तरी मुदत चुकलेला अर्ज फेटाळला जाऊ शकतो.